फक्त फरक

अक्कलकोट रोडला सात शेड, दोनशे अकरा माग,
आणि एकही मालक असा नाही
जो शेजाऱ्याला आपल्या टॉवेलची किनार दाखवेल.
"फोटो बाहेर जाणार नाही," यादगिरी गाजूल म्हणाले,
"डिझाईन गेलं की धंदा गेला."

मी म्हटलं, फोटो नकोच मला.
फोटो तुमच्याच डब्यात राहू दे, कापसाच्या धुळीत.
मॉडेल तुमच्याकडे येईल,
रात्रभर तुमच्या कापडावर शिकेल,
सकाळी फक्त फरक पाठवेल:
येताना काय होतं, जाताना काय झालं,
त्यांची वजाबाकी.

त्यांनी चष्मा काढला, पुसला.
"म्हणजे जॉबरसारखं," म्हणाले.

जॉबरचीच मुलगी मी.
बाबा दिवसाला चार शेड फिरायचे,
मागाच्या खडखडाटातून
नेमका कुठला पट्टा सैल झालाय ते ऐकायचे.
रात्री कडक भाकरी मोडताना अम्मा विचारायची,
आज गाजूलकडं काय चाललंय मागावर?
बाबा शेंगाचटणीत तेल ओतायचे.
तेवढंच उत्तर.

तयार चौकटीत एकच ऑप्टिमायझर होता,
सगळ्यांना एकाच मापाची पावलं.
मी ती उसवली. दोन ठेवले.
एक शेडमधला: साधा, छोट्या पावलांचा,
दर फेरीला पाटी कोरी. वीज गेली
तर ती रात्र गेली, रडायचं नाही.
दुसरा माझ्याकडचा: जडशीळ,
कालचा ओघ धरून ठेवणारा,
सात जणांचे फरक ऐकून
एकच पाऊल टाकणारा, तेही दमानं.
त्याची आठवण फेरीगणिक हातात घेऊन चालायची,
खाली ठेवली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग तीन रात्री
सगळं उलटं जात राहिलं.
पहिल्या फेरीला जो तुटका धागा दिसत होता
तो चौथ्या फेरीला दिसेना,
दहाव्या फेरीला अख्खं चांगलं कापड
खराब म्हणून लाल.
मी पायऱ्यांचे आकडे बदलले, चहा बदलला,
शेवटी सर्व्हरचाच पंखा उघडून साफ केला.
चूक एका आडव्या रेघेची होती.
ऑप्टिमायझरला उतार द्यायचा असतो, तो उलटा चालतो;
मी त्याला चाललेली वाटच दिली होती,
आणि तो इमानानं
प्रत्येक शेडनं शिकलेलं पुसत होता.
फरकाआधी उणे लिहिलं.
एवढंच. पहाटे साडेचार.
बाहेर पहिल्या पाळीच्या सायकली.

नागमणी बुर्रांचे माग चारच,
घराच्या मागच्या पत्र्याखाली.
सरासरीत त्यांचं वजन मिठाएवढं.
मागांच्या हिशेबानं वजन द्यावं, असं पुस्तक सांगतं.
मी मोठ्यांना वरून कात्री लावली.
बरोबर केलं का, ठाऊक नाही.
एका मोठ्या शेडचा आकडा थोडा घसरला,
ते कुणाला बोलले नाही मी.

एकेचाळिसाव्या फेरीनंतर त्यांचा फोन आला.
तीन नंबरचा माग आपोआप थांबला होता:
आडवा धागा दुहेरी गेलेला,
निळ्यावर निळा, नखानं चाचपावं तेव्हा कळेल असा.
"असलं माझ्याकडं कधीच झालं नाही," त्या म्हणाल्या.
"मग याला शिकवलं कुणी?
गाजूलनं? का त्या पुलाजवळच्या शेडनं?"

मी नोंदी उघडल्या.
सात फरक, एकात एक मिसळलेले,
ज्याचं त्याचं नाव
बेरजेआधीच गळून पडलेलं.

अक्का, मलाही माहीत नाही, म्हटलं.

पलीकडं थोडा वेळ नुसते तीन माग.
मग चौथा सुरू झाला.